बायकोला पगार आहे म्हणून कामगार विम्याचा बेकारी भत्ता नाकारतात का? (सोलापूर)

अक्कलकोटरोड_टॉवेल | ९ जानेवारी २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. चार ठिकाणी विचारून झालं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात साडेसहा वर्षं होतो. आधी लूमवर, मग गुडघा धरायला लागल्यावर फिनिशिंगला घेतलं. ७ डिसेंबरला, शनिवारी, पाळी सुटायच्या वेळी आम्हा अकरा जणांना आत बोलावलं. बाहेरच्या देशातली ऑर्डर थांबली आहे, सोमवारपासून येऊ नका म्हणाले. टेबलावर टाइप केलेले कागद ठेवलेले. 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे', खाली नावासाठी टिंबं. सही करा आणि हिशोब आजच घेऊन जा. सात जणांनी केली. मी घरी विचारून सांगतो म्हणालो आणि निघालो, अजून केलेली नाही.

पगार सरासरी १६,००० होता. मिसेस एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहेत, त्यांना १५,०००. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत.

एका मित्राने सांगितलं की ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, नोकरी गेल्यावर तीन महिने अर्धा पगार मिळतो. म्हणून घराजवळच्या ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न केला, 'वहिनी काय करतात?' मी खरं ते सांगितलं. तर म्हणाला, 'मग बसत नाही. घरात दुसरा पगार असला की भत्ता नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा, अडीच लाखांच्या आत असेल तर बघू.'

घरी येऊन सांगितलं. ती रात्रपाळीला निघाली होती, डबा भरता भरता म्हणाली, 'मी दोन महिने काम सोडल्याचं लिहून आणू का? तुमचं होऊन जाईल.' त्यानंतर मला जेवण गेलं नाही. घरात आज जो एक पगार येतोय तोच बंद करायचा का, तोही आठवड्याला दोन हजारासाठी? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. खरंच बायकोचा पगार धरतात का?

सातरस्ता | ९ जानेवारी, रात्री ११.०५

दादा, धरतात वो. माझ्या बहिणीचं लाडकी बहीणमध्ये नवऱ्याच्या पगारामुळंच बसलं नाही. सरकारी पैसा म्हटलं की घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न बघतात. गड्ड्याची यात्रा झाली की तहसीलला गर्दी कमी होईल, तेव्हा दाखला काढून ठेवा.

शिवणवाली | १० जानेवारी, सकाळी ७.२०

अक्कलकोट रोडच्या दादा, तुमचं वाचून रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सकाळी आधी हे लिहायला बसले.

मी एका युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये होते. शाळेचे शर्ट. कॉलर आणि कफ माझ्याकडे. चार वर्षं दर महिन्याला ईएसआय कापला. २०२१ मध्ये शाळाच बंद, ऑर्डर कुठली येणार, आम्हाला कमी केलं. मी तिथल्या हिशोब बघणाऱ्या माणसाला विचारलं की असा काही भत्ता असतो म्हणतात. तो म्हणाला, 'ताई, तुमचे मिस्टर कमावतात ना? मग तुम्ही बेकार कुठे, तुम्ही घरी.' तिथं उभ्या बाकीच्या बायकाही गप्प बसल्या, कारण सगळ्यांचे नवरे काही ना काही कमावत होते. कुणी हमाली, कुणी रिक्षा.

मी परत आले आणि अर्ज केलाच नाही. नंतर कळलं की आमच्यातल्या एका विधवा बाईने केला होता आणि तिला पैसे मिळाले. आम्हा बाकीच्यांना कुणी सांगितलंच नाही. माझ्या पगारातून कापताना मिस्टर काय करतात हे कुणी विचारलं नव्हतं. द्यायच्या वेळी कसं विचारलं?

कुणी जाणकार असेल तर नियम काय आहे ते लिहा. मलाही तेव्हा मिळायला हवं होतं का, एवढं तरी कळू दे.

जुना_कामगार | १० जानेवारी, सकाळी ९.५०

दोघांचंही वाचलं. मी कापड धंद्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली वीस युनियनचे कागद लिहिण्यात. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नवरा कमावतो या कारणावरून तुमचा हक्क जात नव्हता. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं, आणि त्यात तुमचं नुकसान झालं.

आता नीट सांगतो. नोकरी गेल्यावर मिळणारे पैसे दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि आपल्याकडे लोक त्यांची सरमिसळ करतात. एक वाट विम्याची. त्यात तुम्ही आधी वर्गणी भरलेली असते, तुमच्या नावावर, तुमच्या विमा क्रमांकावर. दुसरी वाट मदतीची. त्यात सरकार आपल्या तिजोरीतून देतं आणि म्हणून घरात किती येतं ते बघतं. लाडकी बहीण दुसऱ्या वाटेवरची. तिथं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं आणि त्यात नवऱ्याची कमाई धरतात, सातरस्ता यांच्या बहिणीचं तेच झालं. रेशनकार्डाचं तसंच. अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी शहरात कुटुंबाचं उत्पन्न ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० च्या आत हवं, तिथं घरातल्या सगळ्यांचं मोजतात.

कामगार विम्याचा भत्ता पहिल्या वाटेवरचा. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून आहे. सुरुवातीला सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के देत होते, कोरोनात २४ मार्च २०२० पासून ते पन्नास टक्के केलं आणि ही सवलत पुढे वाढवत नेली. जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. अट अशी की नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. वर्गणीचा काळ सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याआधीच्या लगतच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नोकरी जाऊन तीस दिवस झाले की अर्ज करता येतो.

या सगळ्यात बायको, नवरा, सासू, दीर कुणाच्याही पगाराचा शब्द नाही. अर्जात तसा रकानाच नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यामुळे अक्कलकोट रोडचे दादा, वहिनींना आजच सांगा की कुठलाही कागद लिहून आणू नका. खोटा कागद उद्या तुमच्याच गळ्यात येईल, आणि गरज तर मुळीच नाही.

अक्कलकोटरोड_टॉवेल | १० जानेवारी, सकाळी ११.१५

काका, हे वाचून तिला दवाखान्यात फोन केला. ड्युटीवर असताना मी कधी फोन करत नाही, ती घाबरलीच आधी. सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग 'बरं झालं' म्हणाली आणि पेशंट आला म्हणून ठेवला.

पगाराच्या चिठ्ठ्या काढून बसलोय. लग्नातली चादर ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे त्याच पिशवीत त्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर ईएसआय १२० रुपये. मी इतकी वर्षं ते १२० बघून कंपनीला शिव्या देत होतो.

हिशोब कसा करायचा, किती मिळतील?

जुना_कामगार | १० जानेवारी, दुपारी १.३०

१२० बरोबर आहेत. जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पगाराच्या पाऊण टक्का आहे, मालकाचा सव्वातीन. १६,००० वर तुमचे १२० आणि कंपनीचे ५२०.

भत्त्याचा हिशोब असा. नोकरी जाण्याआधीच्या चार वर्गणी काळांतला, म्हणजे दोन वर्षांतला सगळा पगार एकत्र करायचा आणि ७३० ने भागायचा. तुमचा महिना १६,००० धरला तर चोवीस महिन्यांचे ३,८४,०००. भागिले ७३०, रोज ५२६ रुपये. त्याचे निम्मे २६३. नव्वद दिवसांचे साधारण २३,६७०. त्याआधी दुसरी नोकरी लागली तर लागेल त्या दिवसापर्यंतचे मिळतील. ही रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं. पण मुलीच्या शाळेची फी आणि दोन महिन्यांचं घरभाडं त्यातून निघतं, आणि ते तुमच्याच वर्गणीवर उभं आहे.

आता खरा धोका सांगतो. वहिनींच्या पगारापेक्षा मला त्या टाइप केलेल्या राजीनाम्याची काळजी वाटते. योजनेत स्वतःहून नोकरी सोडणारे, निवृत्त होणारे, स्वेच्छानिवृत्ती घेणारे आणि गैरवर्तनावरून काढलेले बसत नाहीत. कंपनी दर महिन्याला ऑनलाइन वर्गणी भरते तेव्हा ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यासमोर कारण निवडते. 'नोकरी सोडली' हे एक कारण आणि 'छाटणी' हे दुसरं. बटण एकच दाबायचं असतं, पण तुमच्या नव्वद दिवसांचा निकाल त्यावर लागतो. ज्या सात जणांनी सह्या केल्या त्यांना गाठा. त्यांच्यासाठी वाट अवघड आहे, पण लेखी तक्रार लगेच केली तर काही करता येतं.

तुम्ही सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत. हिशोब आज मिळतो म्हटल्यावर भल्याभल्यांचा हात पुढे जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय. छाटणी असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनामा झाला की हे सगळं बुडतं. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही, पाच वर्षं भरली की ती मिळायलाच हवी. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, वर्षांनी गुणायचं. तुमचा मूळ आणि महागाई मिळून १२,००० असेल तर सहा वर्षांचे साडेएक्केचाळीस हजार होतात. यातही बायकोच्या पगाराचा काही संबंध नाही, आणि पीएफमध्येही नाही.

सातरस्ता | १० जानेवारी, दुपारी २.१०

काका, माझं चुकलं. मी ऐकीव लिहिलं. दादा, मनावर घेऊ नका. पण मग मोबाइलवर ते 'बेरोजगारी भत्ता, कुटुंबाचे उत्पन्न अमुक' असे मेसेज फिरतात ते कुठले?

जुना_कामगार | १० जानेवारी, दुपारी २.४५

चुकलं म्हणून सांगितलंत यातच आलं. ते मेसेज बहुतेक दुसऱ्या राज्यांचे असतात. राजस्थानात सुशिक्षित बेकारांना राज्याचा भत्ता आहे, तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. छत्तीसगडने २०२३ मध्ये महिना अडीच हजारांचा भत्ता आणला, तिथं मर्यादा अडीच लाख होती. हे राज्याच्या पैशातून, म्हणजे मदतीची वाट. त्यांच्या फॉर्मचं मराठी करून कुणीतरी पाठवतं आणि आपल्याकडचा माणूस तहसीलच्या रांगेत उभा राहतो. आपल्या राज्याच्या 'महास्वयम्' या रोजगाराच्या वेबसाइटवर नाव नोंदवणं म्हणजे काम शोधण्यासाठी नाव नोंदवणं, त्याने महिन्याचा भत्ता सुरू होत नाही. आणि त्या ऑनलाइनवाल्याचा 'अडीच लाख' कुठून आला ते मला दिसतंय. गेले सहा महिने त्याने लाडकी बहीणचेच अर्ज भरलेत, त्याच्या तोंडात तोच आकडा बसलाय.

मोहोळकर | १० जानेवारी, रात्री ८.३०

शहरातल्या मंडळींचं वाचतोय. आमच्याकडं मात्र नवरा-बायकोचं एकमेकांत मोजतात, तेही लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल.

रोजगार हमीत, म्हणजे २००५ च्या मनरेगा कायद्यात, काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचं कलम आहे. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. यंदा, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात मजुरी २९७ रुपये आहे, त्यामुळे पहिल्या महिन्यात रोजचे ७४ रुपये आणि काही पैसे होतात. पण जॉबकार्ड कुटुंबाचं असतं. शंभर दिवस कुटुंबाचे. मी साठ दिवस केलं आणि घरच्यांनी चाळीस केले की शंभर भरले, आणि भत्ता द्यायची जबाबदारी तिथं संपली. म्हणजे बायकोची हजेरी माझ्या भत्त्यातून वजा होते. तिचा पगार मोजत नाहीत, पण तिचे दिवस मोजतात.

यात आमच्या गावात एक गोष्ट दर वर्षी होते. बाई तळ्याच्या कामावर जाते, गडी ऊसतोडीला किंवा पुण्याला. तो परत येऊन काम मागतो तेव्हा सांगतात तुमच्या कार्डावर दिवस संपत आलेत. त्याला वाटतं बायकोमुळं आपलं काम गेलं, घरात भांडण. खरं तर शंभरच्या पुढचे दिवस राज्याच्या रोजगार हमीतून मागता येतात. ती आपली जुनी योजना, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, ७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरवाल्यांच्या पगारातून महिना दोनशे रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ मध्ये त्यासाठीच लावलेला. तेव्हा दादा, तुमच्या चिठ्ठीवरचे ते दोनशे आमच्या तळ्यापर्यंत आलेत.

काम मागितल्याची तारखेची पोच मात्र घ्याच. ती नसली की भत्ता विसरा. ग्रामसेवक तोंडी 'हो हो' म्हणतो, त्याला किंमत नाही.

बर्मिंगहॅमची_सोलापूरकरीण | ११ जानेवारी, पहाटे ३.१५

इथे इंग्लंडात रात्र आहे, झोप येत नव्हती म्हणून हा धागा वाचला. माझं माहेर साखर पेठेतलं. काकांनी विमा आणि मदत असं जे वेगळं केलंय ते मी इथे दोन्ही बाजूंनी अनुभवलं, म्हणून लिहिते.

आमच्या ह्यांची गोदामातली नोकरी मे २०२४ मध्ये गेली. आम्हाला दोघांना इथला कायमचा रहिवास आहे. त्यांनी आधीची वर्षं नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे इथल्या सरकारी विम्याची वर्गणी, भरलेली होती, त्यावर न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा बेकारी भत्ता मिळाला, आठवड्याला ९० पौंड ५० पेन्स. मी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करते, पण माझा पगार त्यात धरला नाही. आमची शिल्लकही विचारली नाही. हा भत्ता जास्तीत जास्त १८२ दिवस.

ते दिवस नोव्हेंबरात संपले. मग युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे इथल्या मदतीच्या वाटेवरचा, अर्ज केला, आणि तिथून सगळं बदललं. तो अर्ज जोडप्याने मिळूनच करायचा. माझी पगारपत्रकं, दोघांची बँक खाती, सगळं समोर ठेवायचं. बचत सोळा हजार पौंडांच्या वर असेल तर काहीच नाही, सहा हजारांच्या वर असेल तर त्या प्रमाणात कमी. माझ्या हातात येणाऱ्या पगारातल्या एका पौंडामागे ५५ पेन्स त्यातून वजा. आमच्या हिशोबात शेवटी काही उरलं नाही. लग्न झालेलं नसलं तरी जोडप्यासारखं एका घरात राहत असाल तर तेच.

तेव्हा ह्यांना जे वाटलं ते अक्कलकोट रोडच्या दादांना वाटतंय तेच. ते म्हणाले, 'म्हणजे मी आता तुझ्या खात्यावरचा माणूस.' मे महिन्यात त्यांच्या नावाने पत्र यायचं, नोव्हेंबरात आमच्या दोघांच्या नावाने आलं. पैसे कमी-जास्त झाल्यापेक्षा त्या पत्रावरचं नाव त्यांना जास्त लागलं.

इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांसाठी एक सांगते. व्हिसावर सार्वजनिक निधीला मनाई लिहिलेली असते त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करू नये. वर्गणीवरचा जॉबसीकर्स त्या मनाईत येत नाही.

शिवणवाली | ११ जानेवारी, सकाळी ७.००

ताई, 'खात्यावरचा माणूस' हे वाचून पोटात कालवलं. पण एक सांगू का, आम्ही बायका तर जन्मभर कुणाच्या तरी खात्यावरच्याच असतो. मला २०२१ मध्ये ते बारा-पंधरा हजार मिळाले असते तर घर त्याच्यावर चाललं नसतं, मिस्टरांच्याच पैशावर चाललं असतं. पण ते माझ्या नावाने आले असते. माझ्या चार वर्षांच्या कॉलरीचे.

माझी आई विड्या वळायची. सूप मांडीवर, पानं कात्रीने कापायची, हजाराचा हिशोब बोटावर. वडील गिरणीत. तिला कुणी कामगार म्हटलेलं मी ऐकलं नाही, 'घरी बसून चार पैसे' म्हणायचे. चार पैसे नव्हते ते. गिरणी बंद पडली तेव्हा आठ महिने आम्ही त्या विड्यांवर जगलो.

काका, २०२१ चं आता काही होईल का?

जुना_कामगार | ११ जानेवारी, सकाळी १०.२०

ताई, तुमच्या आईसारख्या बायकांनी या गावाला दोनदा-तीनदा उभं धरलंय. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, हजारो माणसं रस्त्यावर आली, तेव्हा केंद्र सरकारने १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून ती आपल्या ताब्यात घेतली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आजही कायद्याच्या मुलांना शिकवतात. माझे वडील सांगायचे, त्या महिन्यांत पूर्व भागात घरोघरी चूल विडीवर पेटत होती.

तुमच्या अर्जाचं: तुमचा विमा क्रमांक आणि नोकरी सुटल्याची तारीख घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी विचारा. तोंडी विचारू नका. उत्तर काय येईल याची खोटी आशा देत नाही, वेळ बराच गेलाय. पण लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं. आणि तुमच्याबरोबरच्या ज्या बायका आता दुसऱ्या युनिटमध्ये कामाला आहेत त्यांना हे सांगा. त्यांचा तो एकदाचा हक्क अजून शिल्लक आहे.

दादांसाठी दोन गोष्टी राहिल्या. कारखाना कायमचा बंद झाला किंवा रीतसर छाटणी झाली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना नावाची २००५ पासूनची वेगळी योजना आहे, तिथं चोवीस महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पहिलं वर्ष पन्नास टक्के आणि दुसरं पंचवीस. तुमच्याकडे छाटणीचा कागद आला तर हीसुद्धा विचारा.

आणि दुसरी: वहिनींना ईएसआय आहे का? खासगी दवाखाना, पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणजे असायला हवा. असेल तर त्यांच्या कार्डावर तुमचं नाव कुटुंबात आहे का बघा. कायद्यात कुटुंब म्हटलं की पहिला जोडीदार येतो. तुमची नोकरी गेली तरी तुमच्या गुडघ्याचं औषधपाणी त्यांच्या विम्यावर होऊ शकतं. म्हणजे त्यांच्या पगारामुळे तुमचं काही जात नाही, उलट त्यांच्या पगारामुळे तुम्हाला दवाखाना मिळतोय.

अक्कलकोटरोड_टॉवेल | १६ जानेवारी, रात्री ९.१०

यात्रेच्या सुट्ट्या संपल्या आणि काल शाखा कार्यालयात जाऊन आलो. त्याआधी घरीच मोबाइलवरून विमा क्रमांक टाकून अर्ज भरला, मुलीने भरला खरं तर. आधार आणि पासबुकची झेरॉक्स जोडली. ऑनलाइनवाल्याकडे गेलोच नाही.

खिडकीवर बाई होत्या. मी आपणहूनच विचारलं, 'मिसेसचा पगार लिहायचा का कुठं?' त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, 'त्यांचा काय संबंध? वर्गणी कुणाची आहे?' मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं. इतकी साधी गोष्ट होती आणि आम्ही दोघं आठवडाभर ती उशाखाली घेऊन झोपत होतो.

पण काकांनी सांगितलं तेच निघालं. कंपनीने माझ्या नावापुढे 'नोकरी सोडली' टाकलंय. मी राजीनामा दिलेला नाही असं लेखी दिलं, सोबत ७ डिसेंबरनंतर गेटवर आत सोडलं नाही म्हणून सुपरवायझरला केलेले मेसेज लावले. त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसातही दिली. दोन्हीकडे शिक्का आणि तारीख घेतली, मोहोळकर भाऊंचं लक्षात होतं.

सही केलेल्या सातपैकी तिघं बरोबर आले होते. त्यांनी पण तक्रार दिली. बाकीचे म्हणतात कशाला कंपनीशी वैर.

मिसेसच्या कार्डावर माझं नाव नव्हतं, मुलांचं होतं. लग्नानंतर तिने नोकरी धरली तेव्हा मला माझा विमा होता म्हणून टाकलंच नव्हतं. आता दिलंय.

मोहोळकर | १६ जानेवारी, रात्री ९.४०

दादा, पोचेचे फोटो काढून वहिनींच्या मोबाइलवर पण ठेवा. कागद हरवतात.

शिवणवाली | १७ जानेवारी, सकाळी ६.५०

मीही अर्ज लिहिलाय. मिस्टरांनी शुद्धलेखन तपासून दिलं. सोमवारी जाते. बरोबर जुन्या युनिटमधल्या दोघी येताहेत.

अक्कलकोटरोड_टॉवेल | २१ फेब्रुवारी, रात्री १०.२५

उशीर झाला लिहायला, माफ करा. शाखा कार्यालयाने कंपनीकडून खुलासा मागवला होता. कंपनीने लिहून दिलं की काम नसल्यामुळे कमी केलं. परवा खात्यावर पहिल्या तीस दिवसांचे पैसे आले, ७,८९० रुपये. मिसेसने पासबुक भरून आणलं आणि ती ओळ मला दाखवली. त्यातल्या पाचशेचं काय करायचं ते तिने आधीच ठरवलं होतं, मुलीला भूमितीची पेटी आणि शाळेचे बूट.

बर्मिंगहॅमच्या ताईंना सांगायचंय की मी अजून तिच्याच पगारावर आहे, आणि तुमच्या मिस्टरांना कळवा की त्यात मला आता पहिल्याइतकं टोचत नाही. ती सकाळी साडेसातला रात्रपाळी करून येते तेव्हा चहा मी ठेवतो.

नुकसानभरपाईची तारीख कामगार ऑफिसात १० मार्चला आहे. ग्रॅच्युइटीसाठी नमुना 'आय' मधला अर्ज काल कंपनीत दिला, पोच घेतली. काका म्हणाले होते तीस दिवस मोजा, म्हणून कॅलेंडरवर २२ मार्चला गोल केलाय. शिवणवाली ताई, तुमच्या अर्जाचं काय झालं?

शिवणवाली | २२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

अजून उत्तर नाही. पण बरोबर आलेल्या दोघींपैकी एकीची नोकरी डिसेंबरात गेली होती, तिचा नवरा बस ड्रायव्हर आहे. तिने त्याच दिवशी भरला. तिचा मंजूर झालाय.